हसायला बंदी असलेलं सपातांचं दुकान

अख्ख्या पंचक्रोशीत माझ्याइतकं जग बघितलेला माणूस नाही, बरं का. मोरोक्को देश तर मला आपल्या परसासारखा पाठ. म्हणजे गेलेलो नाही. आमचे एक मामा बोटीवर भांडी घासायला होते, ते सांगायचे. आणि मामाही तिथं बोटीतून खाली उतरले नव्हते. चौथीत गुरुजींनी तो देश नकाशात दाखवायला सांगितला होता. मी शोधत राहिलो, तेवढ्यात शाळा सुटली. माझ्यापुरती ती कायमचीच सुटली. पमे, पाय पांघरुणात घे. दिगू, तू झोपेचं सोंग घेतलंयस ते मला इथून दिसतंय. ते सोंग या घरात मीच आणलं. तुमची आजी तिकडे भिंतीकडे तोंड करून पडलीय, तीही झोपलेली नाही. माझं कुठं चुकतंय ते बघतेय.

तर झालं काय, त्या मोरोक्कोत फेज नावाचं एक जुनं शहर. तिथल्या गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून खेचर आलं तर माणसानं भिंतीला पालीसारखं चिकटायचं. तिथं कातडी कमावतात. कशात भिजवून, माहीत आहे? कबुतराच्या शिटेत. नाक काय दाबतेस पमे, वास मोरोक्कोत आहे. आणि त्या कातड्याच्या मग पिवळ्याधमक सपाता शिवतात. पुढं टोकदार, मागं उघड्या. पाय सरकवला की झालं.

या शहरात मफद्दल नावाचा एक गरीब सपातावाला होता. दुकान कसलं, एका जिन्याखालची बिळाएवढी जागा. आत तो, त्याची कातडं कापायची रापी आणि त्याची टाके घालायची आरी. चौथ्याला शिरायचं तर एकानं बाहेर यावं.

एका शुक्रवारी दुपारी गल्ली ओस पडली होती. शुक्रवारी तिकडे सगळे नमाजाला जातात, मग घरी जाऊन कुसकुस खातात. कुसकुस म्हणजे आपला सांजाच, पण वर भाज्या आणि रस्सा. मफद्दलचं एक टाचण राहिलं होतं म्हणून तो मागं थांबला. तेवढ्यात गल्लीत आवाज आला, टक, टक, टक. आणि दारात एक बाई उभी. उंच, अंगभर झगा, तोंडावर पडदा.

“दगडाचे रस्ते आहेत,” बाई म्हणाली. “पायात काही नाही. मला सपाता करून दे.”

आणि तिनं झगा जरासा उचलून पाय पुढं केला. मफद्दलनं बघितलं. पाय कुठला, बकरीचा खूर.

तो समजला. बाई ‘त्या लोकां’पैकी होती. तिकडे जिन्नांचं नाव घेत नाहीत, ‘ते लोक’ म्हणतात. आपण रात्री सापाला लांबडं म्हणतो ना, तसं. मोरीत गरम पाणी ओतायचं तरी आधी देवाचं नाव घेऊन ओततात, खाली कुणी बसलेलं असलं तर भाजायला नको म्हणून. इतके जपून असतात त्यांना.

मग मफद्दलनं काय केलं, तर डोळे गच्च मिटले. भीतीनं त्याला उलटं हसू फुटायला लागलं, म्हणून ओठ दाताखाली धरले. आणि तसाच, मिटल्या डोळ्यांनी, चाचपत चाचपत त्यानं सपाता शिवल्या. हात कसबी होता. सपाता देखण्या झाल्या, पण माणसाच्या पायाच्या. बाईनं त्या घेतल्या, त्याच्या मिटल्या डोळ्यांकडे बघितलं, मग एक मडकुलं पुढं ठेवलं. म्हणाली, “हा पिवळा रंग. लावत जा. संपायचा नाही.” आणि गेली.

रंग खरंच संपला नाही. आणि काय तो रंग, जणू हळदीच्या पोत्यात ऊन शिरलंय. फेजमधल्या पोरी नवऱ्यामुलाच्या आधी सपाता पसंत करायला लागल्या. जिन्याखालच्या बिळाचं दुकान झालं. आणि दुकानात मफद्दलनं दोन नियम घातले. आपल्या दुकानात बाईमाणसाच्या पायाकडे कुणी बघायचं नाही. आणि कुणी हसायचं नाही. हसू त्या बाईच्या कानावर गेलं की मडकं आटलं.

मग मफद्दल म्हातारा होऊन गेला. मुलगा इद्रिस गादीवर बसला. इद्रिस बापाहून दोन पावलं पुढं. तो स्वतः हसायचा नाहीच, पण गिऱ्हाईक हसलं तरी उठून दार लावून घ्यायचा.

एका शुक्रवारी दुपारी त्याच्याही दारात आवाज आला. पण या खेपेला टक नव्हे, फट, टक, फट, टक. बाई आली. पाय पुढं केला. इद्रिस लगेच छताकडे बघायला लागला. छताकडे बघत बघतच त्यानं सपाता शिवल्या, आतून रेशमाचं अस्तर लावलं. त्याही माणसाच्याच पायाच्या, बरं का. बाईनं निःश्वास टाकला आणि दोऱ्याचं एक रीळ ठेवलं. म्हणाली, “हा दोरा तुटायचा नाही आणि सरायचाही नाही.”

मग तर विचारूच नका. एका दुकानाची चार झाली. गल्ली भरून कारागीर. उंटांवरून वाळवंटापलीकडे सपाता, जहाजातून समुद्रापलीकडे सपाता. त्या कारागिरांच्या चुली इद्रिसच्या मडक्यावर आणि रिळावर पेटत होत्या. आणि सगळे कसे बसलेले? दात दुखत असल्यासारखे. त्या गल्लीतून जाताना लोकांना वाटायचं, आत कुणी वारलंय वाटतं.

आता बघा, देवाला गंमत कशी सुचते. या इद्रिसला मुलगी झाली बतूल, आणि ती जन्मतःच हसरी. दाई सांगायची, पोरगी रडलीच नाही, माझ्या नाकाकडे बघून खुदकन हसली. खेचर शिंकलं की बतूल हसायची. काजीच्या पगडीवर कबुतर बसलं की भिंत धरून हसायची. आपल्या पमीसारखीच, फक्त बतूल कामंही करायची.

आणि तिला हवं काय होतं? बापाच्या शेजारी बसून सपाता शिवायच्या. तिचा जीव त्या आरीत होता. घरी ती जुन्या चिंध्यांच्या सपाता करायची आणि कोंबड्यांना घालायची. मोठी झाली, लग्नाचं वय झालं, तरी रोज एकच.

“बा, मला दुकानात बसू दे.”

“हसणं बंद कर, मग बस.”

तिनं पुष्कळ करून बघितलं. आधी तोंडात कडू बदाम धरून बसली. तर तिचं कडवट तोंड बघून शेजारच्या कारागिरानंही तसंच तोंड केलं, ते बघून हसली. मग तोंडाला फडकं बांधून बसली. तर फडक्याच्या आतून असा काही आवाज यायला लागला, की गिऱ्हाईक विचारी, आत म्हैस बांधलीय का? मग दुःखी गोष्टी आठवायच्या ठरवल्या. पण सबंध दिवसात तिला एकच दुःखी गोष्ट आठवली, की आपल्याला दुकानात बसू देत नाहीत. ती आठवून मात्र ती खरंच रडली.

“पोरी,” इद्रिस म्हणाला, “मी काय तुझा वैरी आहे का? त्या लोकांतली बाई आली आणि तू फिदीफिदी केलंस, तर मडकं आटेल, दोरा सरेल. या गल्लीतली पोरं काय खातील?”

बतूल उठली, घरी गेली.

आणि एका शुक्रवारी काय झालं, इद्रिस कातड्याचा गठ्ठा उचलायला वाकला आणि त्याची कंबर धरली. तसाच चटईवर आडवा. हलता येईना, कूस बदलता येईना. कारागीर नमाजाला गेलेले. बतूल बापासाठी कुसकुसचं ताट घेऊन आली, ताट खाली ठेवलं, आणि गल्लीतून आवाज आला. फट, टक. फट, टक. घस्स.

इद्रिस पांढराफटक पडला. पडल्या पडल्या कुजबुजला, “तीच. बतूल, छताकडे बघ. तोंड दाबून धर. माझी आण आहे.”

बतूलनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि छताकडे बघितलं. तिला त्या घटकेला हसू येतच नव्हतं. तिला गल्लीतली पोरं दिसत होती, ओळीनं, रिकाम्या ताटल्या घेऊन.

बाई उंबरा ओलांडून आत आली. आणि तिच्या पायातली एक सपात सटकली, फरशीवरून घसरत गेली ती थेट फळीखाली. आता घ्या. गिऱ्हाइकाची सपात फळीखाली गेली, तर दुकानदारानं काढून द्यायला नको? बतूल खाली वाकली, हात घातला, सपात ओढली. वर बघते तर नाकासमोर खूर.

आणि तो खूर कसा? त्याला कापूस लावलेला, त्यावर एक ओढणी, ओढणीवर दुसरी, वर सुतळीची गाठ. सपात पायात राहावी म्हणून बिचारीनं बांधलेलं सगळं. कान दुखणाऱ्या बाळाचं डोकं बांधतात ना, अगदी तसं.

बतूलनं श्वास धरला. गाल फुगले. डोळ्यांत पाणी आलं. आणि मग जे व्हायचं तेच झालं. असं खदखदून हसली ती, की फळीवरच्या सपाता खाली पडल्या.

इद्रिसनं चादर तोंडावर ओढली.

बतूलचं हसू संपलं. तिनं डोळे पुसले. आता जायचं ते गेलंच आहे, मग जिभेला तरी कशाला आवरायचं, असं तिला वाटलं असणार. ती म्हणाली, “माफ करा, लल्ला.” लल्ला म्हणजे आपलं बाईसाहेब. “पण एक विचारू? ही सपात तुमच्या पायात राहते तरी कशी?”

“राहत नाही,” बाई म्हणाली.

“मग सांगितलं का नाहीत?”

“कुणाला सांगू? तुझ्या आजोबानं डोळे मिटून सपाता शिवल्या. मला वाटलं, बिचारा आंधळा आहे, तरी पोटासाठी राबतोय. त्याच्या कामाला नावं कशी ठेवू? म्हणून रंग दिला. मग तुझा बाप छताकडे बघायला लागला. म्हटलं, घराण्यातच आहे. त्यालाही काही तरी द्यावं, म्हणून दोरा दिला.”

चादरीतून आवाज आला, “आणि हसायचं नाही, हा नियम?”

“कसला नियम?” बाई म्हणाली.

इद्रिसनं चादर हळूच खाली केली. दोन पिढ्या, पोरांनो. दोन पिढ्या ओठ चावून बसले होते सगळे, आणि ते कुणी सांगितलंच नव्हतं. मफद्दल स्वतः घाबरला होता आणि त्यानं सगळ्या खानदानाला घाबरवून ठेवलं होतं.

मग बतूल कामाला लागली. सुतळीची गाठ सोडली, ओढण्या सोडल्या, कापूस काढला. खुराला दोरी लावून माप घ्यायला गेली, तर बाईनं पाय मागं घेतला. पुन्हा दोरी लावली, पुन्हा मागं.

“काय झालं?”

“गुदगुल्या होतात,” बाई म्हणाली आणि हसली. जिन्नीण हसली, बरं का, तर गल्लीतले तांब्याचे हंडे वाजले आणि कबुतरं उडाली. बतूल तर आधीच हसायला टेकलेली. दोघींचं हसणं ऐकून इद्रिसलाही काही तरी व्हायला लागलं. त्याला आधी वाटलं, उचकी लागली. मग वाटलं, ठसका. शेवटी कळलं, आपण हसतोय. सवय नव्हती, म्हणून घशातून गंजक्या बिजागरीसारखा आवाज आला. आणि त्या हसण्याचा असा हिसका बसला, की धरलेली कंबर सुटली. उठून बसला गडी आणि कुसकुसवर ताव मारायला लागला.

बतूलनं सपाता शिवल्या. पुढं टोक नाही, वाटोळ्या. मध्ये चीर. मागं पट्टा. बाई दुकानात चालली, आधी भिंतीला धरून, मग नुसतं बोट टेकून, मग हात सोडून. टप, टप, टप. “बोचत नाही,” म्हणाली. “घसरत नाही.” आणि इतकं बोलून जरा वेळ तशीच चालत राहिली, उगाच, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात.

ती गेल्यावर इद्रिसनं जीव मुठीत धरून मडक्यात डोकावलं. रंग काठोकाठ. दोरा ओढला. आला, येतच राहिला. तेव्हा कुठं तो भिंतीला टेकला आणि त्यानं मोकळा श्वास सोडला. मग आरी उचलून बतूलपुढं ठेवली आणि स्वतः चटईवर सरकून तिला जागा केली.

या खेपेला बाईनं भेट काही दिली नव्हती. पण पुढच्या शुक्रवारी दुपारी दारात रांग. कुणाचे पाय उंटाचे, कुणाचे कोंबड्याचे. एक तर उलट्या पायांची, तिच्या सपातेचं टोक मागं काढावं लागलं. ते लोक सगळे आपसात सांगत सुटले होते, की फेजमध्ये एक पोरगी आहे, ती पायाकडे बघते आणि विचारते. मग माणसंही यायला लागली. कुणाचा अंगठा वाकडा, कुणाची टाच फुगलेली, आजवर लाजेनं सांगत नव्हती ती. धंदा असा वाढला, की बतूलची नातवंडं आजही तिथं बसतात म्हणे, शिवतात, गिऱ्हाइकाला चहा पाजतात आणि हसतात. गल्लीतल्या सगळ्यांची पोटं भरली, सगळे सुखात राहिले.

तर असं आहे, पोरांनो. बोचत असेल तर बोचतंय म्हणावं, आपल्या माणसाला सरळ सांगावं. मी बघा, या तोंडानं कधी काही लपवून ठेवलं नाही. आता डोळे मिटा. दिगू खरंच झोपला वाटतं. पमे, तूही नीज.

भिंतीकडे तोंड करून पडलेली आजी कूस न बदलता म्हणाली, “मग मी विणलेला स्वेटर दर थंडीत ट्रंकेच्या तळाशी का जातो, तेवढं सांगून टाका आणि मग झोपा.”