पुरे म्हणणाऱ्या सवाष्णीची कहाणी

ऐक अन्नपूर्णे माते, तुझी कहाणी. आटपाट नगर होतं, तिथे उपास थोडे नि पारणी फार. वेशीपाशी एक माळीण राहत असे, तिचं नाव येसू. नवरा राजाच्या बागेला पाणी घाली, येसू परसात माठ, चाकवत, पडवळ लावी.

पुढं काय झालं? येसूला गोडाचं दुखणं जडलं. पायांना मुंग्या येत, घशाला कोरड पडे. तिची थोरली जाऊ याच दुखण्यानं आंधळी झाली होती. वैद्य म्हणाला, "बाई, भाजीभाकरी खा, चार पावलं चाल, गोडाला शिवू नको. नाहीतर थोरलीच्या वाटेनं जाशील." बरं म्हणाली, घरी आली.

मग श्रावण आला. राणीनं शुक्रवारी सवाष्ण जेवू घालायचा नेम धरला. सवाष्णीनं वाढलेल्याला नाही म्हटलं तर व्रत मोडतं, अशी तिची समजूत. कुणी सांगितलं? कुणीच नाही. सासूनं केलं, म्हणून सुनेनं केलं. येसू लेकुरवाळी, हसतमुख, म्हणून तिलाच बोलावणं आलं.

पहिल्या शुक्रवारी येसू म्हणाली, "बाईसाहेब, मला गोड वर्ज्य आहे." राणी म्हणाली, "इश्श! देवीच्या प्रसादानं कधी कुणाला बाधलंय? एका पुरणपोळीनं काय होतं?" एक म्हणता तीन वाढल्या. येसू लाजली, जेवली. घरी आली, भोवळ येऊन पडली.

दुसऱ्या शुक्रवारी राणी म्हणाली, "सणाचं नाही म्हणू नये, अपशकून होतो." येसू भ्याली, जेवली. घरी येऊन शिवायला बसली. मग सुई दिसेना, मग दोरा दिसेना, मग मांडीवरच्या लेकीचं तोंड दिसेना. मग डोळे जरा निवळले, तसा तिला राग आला. "नेम त्यांचा, पुण्य त्यांचं, नि डोळे तेवढे माझे?"

तिसऱ्या शुक्रवारी येसू गेली. कोशिंबीर खाल्ली, भाजी खाल्ली, आमटीभात खाल्ला, पुरणाचा कण जिभेला लावून देवीला हात जोडले. राणी पोळी घेऊन आली. येसूनं पानावर हात आडवा धरला. "पुरे."

"माझ्या गळ्याची शपथ!"

"पुरे."

"उद्यापासून तुझ्या नवऱ्याला बाग बंद!"

"पुरे म्हटलं ना, बाईसाहेब! नवरा दुसऱ्या कुणाच्या बागेला पाणी घालील. मी दुसरे डोळे कुठून आणू?"

राणी संतापली. तिनं कढत तुपाची धार धरली, ती येसूच्या हातावर पडली. हात भाजला, पण हलला नाही.

शेजारच्या पानावर एक म्हातारी सवाष्ण बसली होती. तिला कुणी बोलावलं, कुणाला ठाऊक नव्हतं. तिनंही आपल्या पानावर हात आडवा धरला. "मलाही पुरे गं बाई."

राणी म्हणाली, "तुम्ही कोण?"

"जिच्या नावानं हे चाललंय, तीच मी. सवाष्ण तृप्त कर, असं मी सांगितलं. तिला विचारू नको, असं कधी सांगितलं? मलासुद्धा पिढ्यान्‌पिढ्या पुरणच. पोट भरलं का, म्हणून एकीनं विचारलं नाही. येसू, घरची भाजीभाकरी आण."

येसूनं माठाची भाजी नि भाकरी आणली. देवी जेवली, ढेकर दिला, दिसेनाशी झाली. राणीला लाज वाटली. तिनं येसूचा हात धुतला, लोणी लावलं. मग हळूच विचारलं, "येसू, तुला काय वाढू?"

"ताक वाढा," येसू म्हणाली.

नवऱ्याची बाग राहिली. थोरलीचे डोळे परत आले नाहीत, येसूचे मात्र टिकले. तिनं लेकीची लेक पाहिली.

हा वसा कसा घ्यावा? सणाच्या पानावर आधी भाजी खावी, गोडाला जिभेपुरतं शिवावं, तीनदा आग्रह झाला तर तीनदा पुरे म्हणावं. हसून म्हणावं, पण म्हणावं. वाढणारीनं आधी विचारावं. उद्यापन? याला उद्यापन नाही, जन्मभर चालवावा. येसूचे डोळे जसे राहिले, तसे तुमचे आमचे राहोत. ही साठां घासांची कहाणी पांचां घासांत सुफळ संपूर्ण.