आयरिसचे उघडे कंद

डोंगरावरच्या एका थंड गावात एक सासू आणि तिची नवी सून राहत होत्या. सासूच्या परसात आयरिसच्या निळ्या फुलांचा वाफा होता, तिच्या आईने मरण्याआधी दिलेल्या एका कंदापासून वाढलेला. त्यातलं फूल तोडायची कुणाची छाती नव्हती.

लेकीच्या बाळंतपणाला निघताना सासूने बजावलं, "कंद आल्याच्या गड्ड्यासारखे मातीवर दिसतील. झाकू नकोस हो. त्यांची पाठ उन्हात हवी."

सून मायाळू होती, आणि जरा जास्तच मायाळू होती. उघडे कंद पाहून तिचा जीव कळवळला. सासूची बैलगाडी वळणाआड जाते न जाते तोच हिने माती ओढून ते झाकले आणि रोज कळशीभर पाणी घालू लागली.

सासू परतायच्या दिवशी सुनेने सहज एक पातं धरलं, तर ते बुडापासून सुटून हातात आलं. खालून घाण वास येत होता. या घरात आपल्यावर आता कुणी काही सोपवणार नाही, असं तिला वाटलं.

कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "पाती काठ्यांना बांध आणि माती दाब. थोडे दिवस हिरवी दिसतील. मग कीड लागली म्हणायचं."

सुनेने काठ्या आणल्या, चार पाती बांधलीही. पण वास काही दबेना. आत जे अजून धड होतं, तेही आता कुजणार होतं. तेवढ्यात उतारावर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. तिने काठ्या उपटल्या, माती उकरली आणि सुरीने मऊ पडलेला भाग कापायला घेतला. डोळे वाहत होते, तरी ती थांबली नाही.

सासू परसात आली तेव्हा वाफ्यात थोडे बोडके तुकडे उरले होते आणि कुजका ढीग समोर सुपात होता.

"मी झाकले, आई. माझ्यामुळे कुजले," सून म्हणाली.

सासू खाली बसली. तिने एकेक तुकडा नखाने दाबून पाहिला. सगळे टणक होते.

"आज झाकून ठेवलं असतंस, तर हेही गेले असते," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी वाफ्यात एकही फूल आलं नाही, आणि सासूने अधूनमधून टोमणे मारलेच. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र वाफा निळा झाला. पहिलं फूल तोडायला तिने सुनेला हाक मारली.

तात्पर्य एवढंच: चूक झाकली की आत पसरत जाते, वेळेवर उघडी केली की उरलेलं वाचतं.