कोण रे तू?

एका राज्यात धवलसेन नावाचा युवराज होता. त्याची धाकटी बहीण कुंदमाला हिला वक्रकेश मांत्रिकाने शापून साळुंकी केले. "तीन दिवसांत डोंगरावरच्या कुंडाचे पाणी शिंपडाल, तर सुटेल. नाहीतर हिची वाणी विझेल," असे म्हणून त्याने युवराजाला एक कट्यारही दिली. शत्रूने दिलेले शस्त्र कोणी घेते का? पण मुठीवर माणके होती, आणि आमचा युवराज तरुण होता.

बहिणीला खांद्यावर घेऊन तो निघाला. डोंगराच्या दारात म्हातारा द्वारपाल बसला होता.

"कोण रे तू?"

"युवराजाला अरेतुरे?" धवलसेनाने कट्यार उपसली. तत्क्षणी दार खडकात मिटले आणि साळुंकीचे निम्मे शब्द गळून पडले.

दुसऱ्या दिवशी दार पुन्हा होते.

"कोण रे तू?"

युवराजाला त्यात कुत्सित हसू ऐकू आले. कट्यार बाहेर, दार बंद. साळुंकीजवळ दोनच शब्द उरले. ते तिने मोठ्या कष्टाने उच्चारले.

"दादा... हात."

त्याने खाली पाहिले. हात मुठीवरच होता. बहिणीशी बोलतानाही तो तिथेच होता. धवलसेनाला आयुष्यात प्रथमच स्वतःची भीती वाटली. त्याने कट्यार सोडली, पळसाच्या फांदीला टांगली आणि मागे न पाहता चालू लागला.

तिसऱ्या दिवशी मोकळ्या हातांचे काय करावे ते त्याला सुचेना, म्हणून त्याने ते जोडले.

"कोण रे तू?" आवाज तोच, सूर तोच. त्यात हसू नव्हतेच.

"हिचा भाऊ, आजोबा. पाणी हवंय."

"मग ये की आत! तीन दिवस तेच विचारतोय. मला दिसत नाही रे, बाळा."

युवराजाची मान खाली गेली.

पाणी शिंपडताच पिसे झडली आणि कुंदमाला उभी राहिली. तिकडे पळसावरची कट्यार गंजून गळाली, आणि त्याच घटकेला वक्रकेश आपले सारे मंत्र विसरला.

कुंदमालेने भावाला नीट न्याहाळले.

"कोण रे तू?"

धवलसेन दचकून एक पाऊल मागे सरला. हिच्या मनातून माझी ओळख पुसली की काय? मग तिच्या ओठांचा कोपरा हलला, आणि युवराज मोकळ्या कमरेवर दोन्ही हात ठेवून पोटभर हसला.

त्या राज्यात आजही वेशीवर हाच प्रश्न विचारतात, आणि येणारा हात जोडून उत्तर देतो.