पाडव्याची ज्योत

फार पूर्वी एका डोंगराळ राज्यात जमिनीतूनच जळणारा वायू निघत असे. राजाच्या आजोबांनी तिथे विहीर खणून सरकारी कारखाना काढला आणि बांबूच्या नळ्यांतून तो वायू घरोघरच्या चुलीपर्यंत आणला. लोक त्याचे पैसे भरत. त्यातले अर्धे खजिन्यात जात, अर्धे एका पेटीत राहत, कारण विहीर कधीतरी आटणार आणि नवी खणावी लागणार, हे आजोबांना ठाऊक होतं.

त्या राज्यात एक रीत होती. कारखान्याचा हिशेब वाचून दाखवण्याऐवजी दिवाळी पाडव्याला राजवाड्यापुढे मोठी ज्योत पेटवायची. सगळ्यांच्या चुली भागवून उरलेला वायू तिथे जाळायचा. ज्योत उंच, म्हणजे कारखाना फायद्यात. शिल्लक जाळून टाकायची आणि तिलाच फायदा म्हणायचं, हे शहाणपण कुणाचं ते विचारू नका. सगळे टाळ्या मात्र वाजवत.

एका पाडव्याला ज्योत जेमतेम गुडघ्याएवढी झाली. पाहुणा आलेला शेजारचा राजा मिशीतल्या मिशीत हसला; त्याच्याकडेही अशीच वायूची विहीर होती. आपल्या राजाचा चेहरा पडला. त्याने कारभाऱ्याला बजावलं, "पुढच्या वर्षी ज्योत वाड्याच्या कमानीला लागली पाहिजे."

कारभारी घरी आला, पण त्याला जेवण गेलं नाही.

"विहीर आटत चाललीय," तो बायकोला म्हणाला.

"मग तसं सांगा ना महाराजांना. पेटीत पैसे आहेत, नवी खणू या म्हणावं."

"आणि माझी कारभारकी गेली तर?"

"अहो, पण गावाच्या चुली विझल्या तर?"

वर्षभर कारभाऱ्याने ही गोष्ट राजाच्या कानावर घातलीच नाही. पाडवा जवळ आला तशी त्याने पेटी उघडली, आणि काय केलं असेल? शेजारच्या राजाकडून, तो मागेल त्या भावाने, चामड्याच्या पखाली भरभरून वायू विकत आणला आणि सगळा ज्योतीसाठी राखून ठेवला. मला तर सांगतानाही खरं वाटत नाही.

पाडव्याला ज्योत कमानीच्या वर गेली. राजाने उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि कारभाऱ्याच्या खांद्यावर शाल घातली. शेजारचा राजाही खुशीत होता. का नसेल?

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. कारभाऱ्याची बाळंतीण मुलगी माहेरी होती. बाळाच्या अंघोळीचं पाणी तापवायला बायकोने चूल पेटवली, ती पेटेना. शेजारणीची पेटेना. साऱ्या गावात एकही पेटेना. विहीर पुरती आटली होती. कारभारी हबकला आणि तसाच राजवाड्याकडे धावला.

तिथेही मुदपाकखाना थंडगार होता.

"नवी विहीर खणायला घ्या," राजा म्हणाला. "पेटीतले पैसे काढा."

"पेटी रिकामी आहे, महाराज."

"आजोबांपासूनचे पैसे! गेले कुठे?"

"काल जळाले," कारभारी खाली मान घालून म्हणाला. "आपण टाळ्या वाजवल्यात."

राजा आपल्या तळहातांकडेच पाहत राहिला.

विहिरीसाठी मुकुट गहाण पडला, तोही शेजारच्या राजाकडेच. आणि त्या कडाक्याच्या थंडीत कारभाऱ्याचं नातवंड मानाच्या शालीत गुंडाळून ठेवावं लागलं, कारण घरात दुसरी ऊब नव्हती.

तात्पर्य एवढंच: लोकांना दाखवायला पेटवलेल्या ज्योतीवर कुणाच्याच घरचं पाणी तापत नाही.