साहेबांच्या डोक्याला ताप

"नवीन लग्न झालेली मुलगी कामावर घेतली की डोक्याला ताप ठरलेला. महिना भरायच्या आत आजारपणाची रजा मागते की नाही बघा," टाकळकर साहेब चहा पिता पिता म्हणाले. पार्टिशनमागे नुकतीच कामाला लागलेली हेमांगी बिलं लावत बसली होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हेमांगी उठली ती अंगात ताप घेऊनच. रजा घ्यावी तर साहेबांचं भाकीत खरं ठरणार, आणि नोकरी तर अजून कायम व्हायची होती. सासूबाई म्हणाल्या, "झोपून राहा गं. साहेब खातोय की काय तुला?" पण तिने शाल गुंडाळली आणि बियाणे कंपनीचं ऑफिस गाठलं.

ती थेट साहेबांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली आणि सटकन शिंकली. तिचे तांबारलेले डोळे पाहून साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. "अहो, एवढ्या तापात इथे कशाला आलात? आम्हा सगळ्यांना द्याल."

सगळं ऑफिस कान टवकारून बसलं.

"विचारायलाच आले, साहेब," हेमांगी शांतपणे म्हणाली. "काल तुम्ही म्हणालात ना, डोक्याला ताप, तो आलाय. इथे तुमच्याजवळ ठेवू, की उतरेपर्यंत घरी घेऊन जाऊ?"