मोट रिकामी होईपर्यंत

“माझं चुकलं काय, तेवढं सांगा.”

बुवा बैलांच्या मानंवर जू ठेवत व्हते. वर बघितलं न्हाई.

“सहा दिवस सप्त्यात मी वाजवला. बोटं फुटली माझी. आन उद्या काल्याला मृदंग गेनबा वाजवणार?”

“व्हय.”

एवढंच. व्हय.

माझं डोकं तवा लवकर तापायचं. आताबी तापतं. गेनबा शेळ्या राखणारा, हात जड, ताल कसाबसा धरायचा. माझा मृदंग ऐकायला चार वाड्यांची माणसं यायची. काल्याच्या दिवशी त्या सगळ्यांसमोर मी काय टाळ कुटत बसू? मी तसं बोललोबी. वर गेनबाच्या शेळ्यांचा उद्धार केला तो निराळा.

सटवाजीबुवा आमच्या कुरणवाडीचे. आता लोक त्यांना संत म्हणत्यात, समाधीला चुना लावत्यात. तवा ते विहिरीवर मोट हाणणारा माणूस व्हते. शाळा माझ्याएवढीच, म्हंजे न्हाईच. मोट हाकता हाकता अभंग रचायचे. बैल उतारावरनं खाली चालले की कातड्याची मोट विहिरीतनं वर यायची, बैल थांबले की भडाभडा थारोळ्यात ओतायची, मग बैल उलट्या पावलानं माघारी. बुवांचा अभंग त्याच चालीनं चालायचा. हातात चाबूक कधी बघितला न्हाई.

सगळ्यात जास्ती म्हणला जायचा तो ह्यो...

खोल माझं पाणी, लांब तुझा नाडा।
ओढशील तेव्हा, वर येतो॥
सटवा म्हणे देवा, ओत मला॥

हितं बुवा गप व्हायचे. चांगले चार श्वास. मग पुन्हा पहिल्यापास्नं.

ती मोकळी जागा माझी. तिथं मी असा हात फिरवायचो की देवळाचा पत्रा थरथरायचा. घरी जाताना माणसं अभंगाचं बोलायची न्हाईत, माझ्या हाताचं बोलायची.

“मृदंग घिऊन ये,” बुवा म्हणले.

मला वाटलं, ऐकून बघणार आन गेनबाला घरी बसवणार. पळत गेलो. बुवांच्या घरी काकूंकडनं कणीक मागून घेतली, डाव्या अंगाला थापली. कणकीबिगर मृदंगाचा डावा हात बोलत न्हाई. विहिरीच्या कडंला बसकण मारली.

बुवांनी बैल हाकले आन अभंग धरला. मी ठेका धरला. चाक कुरकुरत व्हतं, मोट वर येत व्हती. झकास जमलं व्हतं सगळं.

“सटवा म्हणे देवा, ओत मला...”

बुवा गप. मी सुटलो. असा वाजवला की बास.

बैल थांबलेच न्हाईत. तसेच म्होरं ओढत गेले. मोट वर जाऊन धाडकन चाकाला धडकली, वाकडी झाली, आन सगळं पाणी परत विहिरीत. बुवांनी कासरा खेचला तवा कुठं बैल उभे राहिले.

मी बैलांवरच खेकसलो. आईमाईवरनं काय बोललो ते सांगत न्हाई.

“त्यांना कशाला बोलतुयास?” बुवा म्हणले. “ते ऐकत व्हते.”

“आन मी?”

“तू वाजवत व्हतास.”

मला घाव बसला, पण उमगलं काय न्हाई. तोंड वाकडं करून बसलो.

बुवा माझ्यापाशी आले. मृदंगाची कणीक नखानं खरवडली. सगळी. गोळा मोडून अर्धा एका बैलाला चारला, अर्धा दुसऱ्याला. बैलांनी त्यांचा हात चाटून साफ केला.

माझ्या हातात मुका मृदंग राहिला. रागानं कानशिलं फुटायची येळ आली. उठून जावं वाटलं. पण बुवांनी पुन्हा बैल हाकले, आन त्यांचा आवाज आला की माझ्यानं कधी उठवायचं न्हाई.

“सटवा म्हणे देवा, ओत मला...”

बुवा गप. बैल जागच्या जागी थांबले. कुणी सांगितलं न्हाई, कासरा वढला न्हाई.

मोट ओतली.

आधी धबाका... मग ती भडभड... मग बारीक होत होत, पाटातनं पार मिरचीच्या वाफ्यापतुर गेलेलं पाणी... मग मोटेच्या सोंडेवरनं थेंब. एक... आन एक...

बुवा डोळं मिटून उभे. बैलबी कान पाडून उभे.

सात वर्सं मी त्यांच्या मागं बसून वाजवला. ते पाणी मला कधी ऐकू आलं नव्हतं.

आता त्या विहिरीवर मोटर हाय. बटण दाबलं की पाणी चालू, दिवसभर एकाच आवाजात कण्हत असतं. मोटेचं कातडं वाळवीनं खाल्लं. चाक कुणी नेलं ठावं न्हाई. बुवांना जाऊन चाळीस वर्सं होतील. अजून भजनात त्या अभंगातली ती मोकळी जागा आली की मी हात वर उचलतो आन तसाच बसतो. नवी पोरं एकमेकाला कोपरं मारत्यात, म्हातारा इसरला म्हणून. एकदा एकाच्या थोबाडात द्यायला उठलो व्हतो. बुवा आठवले, बसलो खाली.

त्या सकाळी शेवटचा थेंब पडंस्तवर मी हललो न्हाई. मग माझाच आवाज मला वळखू आला न्हाई, इतका बारीक निघाला.

“बुवा... मग उद्या?”

बुवांनी बैलांच्या पाठीवर हात ठेवला. बैल उलट्या पावलानं माघारी निघाले.

“अभंग गेनबाच वाजवंल,” बुवा म्हणले. “ती जागा तेवढी तू वाजव.”