अंजनदऱ्याचं पाणी

"कोनी मांगतलं होतं का?" लखराज बाबांनी विचारलं.

"काय, बाबा?"

"थेच... जे तू टाकीत टाकतो म्हनतं."

डॉक्टर निरंजन खापरे गोंधळला. ते विष आहे का, असं विचारणारे त्याला रोज भेटत होते. खर्च किती, धर्मात बसतं का, हेही विचारून झालं होतं. सगळ्यांची उत्तरं पाठ होती. हा प्रश्न मात्र त्याच्या यादीत नव्हता.

"औषध मागायची वाट बघायची नसते, बाबा. ज्याला कळतं त्यानं द्यायचं असतं."

"असं..." बाबा म्हणाले.

निरंजन सावळापूरचा दातांचा डॉक्टर. शाळेत असताना चार वर्षं बाबांच्या याच मठात राहिला, इथल्याच पंगतीत जेवला. आता गावात त्याच्या शब्दाला वजन होतं, आणि ते त्याला ठाऊक होतं.

सावळापूरला डोंगरातल्या तळ्याचं पाणी येतं. दात घट्ट ठेवणारा फ्लोराइड नावाचा क्षार त्या पाण्यात जवळजवळ नाहीच. तो मोजून टाकीत घालावा, अशी योजना निरंजननं नगरपालिकेच्या गळी उतरवली होती. झालं, गाव दुभंगलं. ज्यांनी जन्मात टाकीची पायरी चढली नव्हती, ते टाकीत काय पडावं यावर तावातावानं भांडू लागले. शनिवारी सभा होती.

"काल सहा वर्षांच्या मुलीच्या पाच दाढा काढल्या," निरंजन म्हणाला. "रडली नाही ती. तिला वाटत होतं, दात दुखण्यासाठीच असतात... बाबा, तुम्ही सभेत एक शब्द बोला. गाव ऐकेल."

बाबांनी जमिनीकडे पाहिलं.

"बोलीन. पन आधी मले एक आनून दे."

"सांगा."

"अंजनदऱ्याच्या इहिरीचं पानी. तांब्याभर."

निरंजन बघतच राहिला. अंजनदरा हे बाबांचं जन्मगाव. अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांनी ते सोडलं, त्याला सेहेचाळीस वर्षं झाली. दीक्षा घेतलेल्यानं जन्मगावात पाऊल टाकायचं नाही, असा त्यांच्या पंथाचा नेम. बाबांनी तो इतका कडक पाळला की गावाचं नावही कधी तोंडातून काढलं नाही.

फक्त एक होतं. पाणी पिताना बाबा पहिला घोट तोंडात धरून थांबत. काहीतरी शोधल्यासारखे. मग गिळत. शिष्यांना वाटे, नामस्मरण चाललंय.

"आणि नेम, बाबा?"

"मी जायचं नाही, असा नेम हाये. पान्यानं यायचं नाही, असं कुठी लिहेल हाये?"

असं म्हणून बाबा चोरी पकडली गेल्यासारखे हसले.

निरंजन खूश झाला. तांब्याभर पाण्यात एवढं काम होणार असेल तर आणखी काय हवं! दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं गाडी काढली.

अंजनदरा पाच तासांवर होतं. विहीर सापडायला वेळ लागला नाही. कठड्यावर लाल रंगाची मोठी फुली होती, खाली लिहिलं होतं, 'पिण्यास अयोग्य'.

पारावर तीन म्हातारे बसले होते. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी वळून पाहिलं. पण मान वळली नाही. तिघेही कमरेपासून सगळे वळले, लाकडी कपाट सरकवावं तसे.

निरंजन जागीच उभा राहिला.

बाबाही असेच वळत. मठात सगळे त्याला साधना समजत. हाकेसरशी मान न वळवता सावकाश सगळा देह वळवायचा, याला नवे शिष्य स्थैर्य म्हणत आणि त्याची नक्कल करत. बाराव्या वर्षी निरंजनही आरशासमोर मान ताठ ठेवून तसं वळायला शिकला होता.

दातांचा डॉक्टर झाला, फ्लोराइडवर भाषणं दिली, पण त्याच क्षाराच्या अतिरेकानं आखडलेली गुरूची मान त्याला कधी दिसली नाही. भर उन्हात त्याला स्वतःची लाज वाटली.

विहिरीवर एक म्हातारी कपडे धूत होती. त्यानं पोहरा मागितला.

"पेवाले नेतं का हे?" तिनं विचारलं. "नोको नेऊ बाप्पा. आमी आता टँकरचं पेतो."

"आमच्या बाबांनी मागवलंय. ते इथलेच."

म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं आणि निमूटपणे पोहरा दिला.

त्यानं सोबत आणलेल्या पेटीतल्या नळीत पाण्यातलं फ्लोराइड मोजलं. तो टाकीत जेवढा क्षार घालणार होता, त्याच्या सहापट. आठ-दहा वर्षांत दात तपकिरी करणारं आणि पंचवीस-तीस वर्षांत हाडं आखडवणारं पाणी. तरी शब्द दिला होता म्हणून त्यानं कॅन भरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मठात पोचला. बाबा फाटकापाशी उभे होते. अंघोळ झालेली, अंगावर धुतलेली वस्त्रं, हातात राखेनं लख्ख घासलेला तांब्या. मठात भांडी घासायला माणसं होती, पण हा तांब्या बाबांनी स्वतः घासला होता.

"आनलं?"

"आणलं."

पण निरंजननं कॅन खाली ठेवला नाही. ओसरीवर बसला आणि कॅन मांडीवर घेऊन झाकणावर हात ठेवला.

"बाबा, हे मी तुम्हाला देऊ शकत नाही."

बाबा उभेच राहिले.

"तुमची मान या पाण्यानं गेली. पाठ गेली. मी मोजलंय. हे..."

"मालूम हाये."

"तुम्हाला माहीत आहे?"

"माही माय वाकूनच मेली. डोक्यावर घागर घेता येईना, तं कमरेवर आने. कमरेवर जमेना, तं लोटा लोटा आने... मालूम नसन का मले?"

"आणि तरी प्यायचंय?"

"हो."

"का, बाबा?"

बाबा हळूहळू ओसरीवर टेकले. 

"तिनं आनेल राहे ना रे..."

बाबांनी हातातला तांब्या मांडीवर ठेवला.

"घर सोडलं. नाव सोडलं. तिची माती द्याले नाही गेलो. लोकाईनं म्हटलं, केवढा वैरागी! खरं सांगू? सेहेचाळीस वर्सं झाली, कोनतंही पानी पेलो का मनात येते, हे नाही... हे थे नाही."

 निरंजननं बाबांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"एका घोटानं काय होते सांग," बाबा म्हणाले. "तू डाक्टर हायेस."

"एका घोटानं काहीच होत नाही. सगळी गोष्ट मात्रेची आहे. हेच तर मी लोकांना..."

तो थांबला.

"ज्याईनं मांगतलं नाही, त्याईले रोज पाजतो म्हनतं. म्या मांगतलं, तं झाकन दाबून बसला."

निरंजनचा हात झाकणावरून निघाला. त्यानं कॅन उघडून तांब्या भरला.

बाबांनी दोन्ही हातांनी तांब्या उचलला. पहिला घोट घेतला... आणि सरळ गिळला. थांबले नाहीत. मग दुसरा. तिसरा. घोटामागून घोट. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"तेच आहे, बाबा?"

"थेच."

"गोड आहे?"

"नाही रे. पयलेही नव्हतं."

निरंजननं कॅनचं झाकण लावलं. शेवटी निरंजनलाच राहवेना.

"बाबा... शनिवारची सभा. तुम्ही शब्द दिला होता."

बाबांनी तांब्यात पाहिलं. तळाशी दोन घोट उरले होते. त्यांनी तांब्या निरंजनपुढे धरला.

"पे."

निरंजनला सगळं ठाऊक होतं. एका घोटानं काही होत नाही, हे त्यानं आत्ताच स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. गेले तीन महिने चौकाचौकांत माईक हातात घेऊन तो हेच सांगत होता. भिणाऱ्यांना अडाणी म्हणत होता.

त्यानं हात पुढे केला.

तांब्याच्या वीतभर अलीकडे तो थांबला. डोळ्यांपुढे पारावरचे ते तिघे आले, कमरेपासून वळणारे.

"मात्रा मालूम हाये ना तुले?" बाबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता.

"आहे, बाबा."

"मंग?"

हात पुढे जाईना. मागेही घेववेना. निरंजननं मान खाली घातली. 

"बाबा, मी सभेत काय सांगू?" त्यानं हळूच विचारलं.

बाबांनी तांब्या खाली ठेवला. निरंजनचं अधांतरी राहिलेलं मनगट आपल्या आखडलेल्या बोटांत धरलं.

"सभेत जे भेतात, त्याईच्यासमोर हा हात असाच घेऊन जाय."